मुकी पट्टी

"हलू नको. हायेस तिथंच उभी ऱ्हा."

आत्याबाईंचा तो आवाज अजून माझ्या पाठीच्या कण्यात आहे. फार मोठा नव्हता. चुलीपाशी बसून मीठ मागावं, इतकाच. पण मी गोठले. त्या शब्दांनी नाही. त्या जागेत शब्द उमटला म्हणून. कारण रानाच्या त्या पट्टीत आत्याबाई, माझ्या सासूबाई, कधीच बोलत नसत. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून कधीच नाही.

आमचं रान कुरणाला लागून. मधे कुंपण नाही, नुसता दगडी बांध. बांधापलीकडे नजर पोचेल तिथवर पिवळं गवत, आणि त्या गवतात हरणं. काळवीट, माद्या, पाडसं. बांधाला लागून रानाची एक लांबट पट्टी आमच्या घरानं त्यांच्यासाठी सोडलेली. पावसाळ्यात तिथं मटकी-हुलगा पेरायचा, थंडीत घास, म्हणजे लसूणघासाचा चारा. हरणांनी तिथंच पोट भरावं आणि पुढच्या पिकात येऊ नये, म्हणून पट्टीच्या अलीकडे करडईची काटेरी कड.

ही पट्टी पेरायची घरातल्या बायकांनी. पेरून झालं की संपलं असंही नाही. हरणं खाऊन जातील तिथे जमीन उघडी पडते, ते नांगे पुन्हा भरत राहायचे. पट्टीत लोखंड न्यायचं नाही. पायांत वहाण घालायची नाही. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

"ज्यांना बोलता येत न्हाई त्यांच्यासाठी पेरायचं," आत्याबाईंनी मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, "तर आपुनबी घडीभर गप ऱ्हावं."

"आणि विंचू चावला तर?" मी नवी होते, जीभ सैल होती.

"तर मुक्यानं नाच."

गावात तिला मुकी पट्टी म्हणत. वाटेनं आत्याबाई ओव्या गात यायच्या. जात्यावरच्या, पण पट्टीच्या म्हणून त्यांनी स्वतःच जुळवलेल्या:

काळ्या गं रानामंदी, हिरवा पदर सोडिला
हरणी माज्या बाई, तुजा वाटा मी काढिला

शेवटचा शब्द बरोबर करडईपाशी संपायचा. मग वहाणा काढायच्या, तोंड मिटायचं आणि आत पाय टाकायचा.

आमच्या थोरल्या दिरांना, आप्पांना, हे सगळं खूळ वाटायचं. जेवताना कधीतरी विषय निघायचाच.

"आई पाव्हन्यांना ताट वाढती," ते म्हणायचे, "आन् पाव्हनं चूलच उचलून न्हेत्यात."

"तू पोटात हुतास तवा मी दोन ताटं खात हुते," आत्याबाई म्हणायच्या. "तुजं मोजलं का कुनी?"

आप्पा हसायचे. ते वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. आमचे हे पुण्याकडे नोकरीला, थोरल्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी. रानातलं सगळं एकट्या आप्पांच्या अंगावर. त्या वर्षी पाऊस लवकर गेला. कुरण दिवाळीआधीच वाळलं. हरणांनी पट्टीतली मटकी मुळापर्यंत खाल्ली आणि करडईवरून उड्या मारून हरभऱ्यात शिरली. मागून डुकरं आली, त्यांनी तर सऱ्याच्या सऱ्या उकरल्या. सकाळी आप्पा उकरलेल्या सरीत नुसते उभे राहायचे. हसणं बंद झालं होतं. आठ-दहा दिवस जेवताना ते पट्टीबद्दल एक अक्षरही बोलले नव्हते. मला वाटलं, कंटाळले असतील.

त्या सकाळी दव इतकं पडलं होतं की करडईचे काटेसुद्धा ओले झाले होते. मला पाचवा महिना होता. आत्याबाई म्हणाल्या, "तू ऱ्हा घरी, वाकून तरास हुईल." मी म्हटलं, "दोघी असलो की लवकर होईल." घासाचं बी बारीक, मोहरीहून हलकं, ते राखेत मिसळून आम्ही दोघींनी ओटीत घेतलं.

विहिरीच्या कठड्यावर आप्पा बसले होते. मोटार बंद होती. त्यांनी आमच्याकडे पाहून हात वर केला. ऊन समोरून येत होतं. उन्हाला हात धरला असेल, असं मला वाटलं. आत्याबाईही क्षणभर थांबल्या, तिकडे पाहिलं. हात खाली आला. आत्याबाईंनी वहाणा काढल्या. मीही काढल्या.

आत शिरताना एक गोष्ट खटकली होती. एरवी कळप बांधाला अगदी खेटून असायचा. आम्ही गेलो की थोडा सरकायचा आणि वळून पुन्हा यायचा. त्या दिवशी हरणं लांब, पार टेकाडाजवळ उभी होती. माना वर. एकही चरत नव्हतं. मला विचारायचं होतं, पण तोंड मिटलेलं.

थंडीच्या पहिल्या पेरणीचा घास, नांगे सोडले तर, गुडघ्याला लागत होता. मी डाव्या अंगानं निघाले, आत्याबाई उजव्या. मूठ सोडायची, पायानं माती सारायची, पुढं व्हायचं. ओल्या मातीत पाय रुतत होते आणि बरं वाटत होतं. असेच नांगे भरत मी पट्टीच्या मधोमध आले.

आणि तो आवाज आला.

"हलू नको. हायेस तिथंच उभी ऱ्हा."

मी एक पाय पुढं, एक मागं अशी उभी. मूठ मिटलेली. मान तेवढी वळवली. आत्याबाई माझ्यापासून चार-सहा हातांवर होत्या आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बांधाच्या कडेला बघत होत्या.

तिथं घास लोळला होता आणि त्यात एक हरणी पडली होती. डोळे उघडे. पाठीवर दव, जसं घासावर होतं तसंच. पुढच्या एका पायाला बारीक तार गुंडाळलेली होती. बांधाच्या कडेनं हातभर उंचीच्या खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांतल्या तीन-चार उपटून आडव्या पडल्या होत्या.

"तार हाय," आत्याबाई म्हणाल्या. "करंटाची."

"कुणी..."

"ते ऱ्हाऊ दे. तार तुटलीय, नर्मदे. हरणीच्या पायात एक टोक हाय. दुसरं न्हाई दिसत."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. हरणीनं जीव जाता जाता तार ओढली होती, तोडली होती, आणि ज्या टोकातून वीज यायची ते टोक आमच्या पट्टीत कुठंतरी पडलं होतं. गुडघाभर घासाखाली. ओल्या मातीवर. आम्ही दोघी अनवाणी त्यात शिरून मधोमध आलो होतो आणि अजून जिवंत होतो, याचं कारण आम्हाला ठाऊक नव्हतं.

"आत्याबाई, लाईट आहे का?"

"काय म्हाईत."

"मोटार बंद आहे की."

"बटन बंद आसलं तरी मोटार बंदच ऱ्हाती."

तेव्हा एक आठवडा रात्रीची लाईट असायची, एक आठवडा दिवसाची, आणि पाळी बदलायच्या दिवशी ती कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसायचा. तो पाळी बदलायचाच दिवस होता.

माझ्या पायाला काहीतरी लागलं. गार, बारीक. मी किंचाळलेच असते. खाली पाहिलं तर घासाची काडी. पण त्यानंतर प्रत्येक काडी तारच वाटायला लागली. वारा आला की सगळी पट्टी हलायची आणि हजार तारा माझ्या पोटऱ्यांना चाटून जायच्या. पाय थरथरायला लागले. जो पाय पुढं होता त्यात गोळा आला. पोटातलं लेकरू त्या दिवसांत नुकतंच हलायला लागलं होतं. तेही गप्प होतं. मी मनात म्हटलं, तू तरी हल बाई. मग म्हटलं, नको, नको, हलू नको.

आत्याबाईंनी विहिरीकडे तोंड केलं. आणि त्या ओरडल्या. मुक्या पट्टीत उभ्या राहून, नरड्याच्या शिरा ताणून:

"आप्पाऽऽ! लाईट हाय कारंऽऽ?"

आप्पा ताडकन उठले. ते धावत सुटले, पण आमच्याकडे नाही, आणि मोटारीच्या पेटीकडेही नाही. ओढ्याकडेच्या बाभळीकडे धावले. तिथं विजेचा खांब होता. ते बरंच लांब होतं, मधे नांगरलेलं ढेकळाचं रान. ते पडले, उठले, पुन्हा धावले.

आत्याबाईंनी हे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. रागही नव्हता तो. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"त्यो पोचंस्तवर थांबून भागायचं न्हाई. तुजे पाय गळाय लागलेत. बसलीस तर हात टेकशील. मी येते तुज्यापत्तुर."

"नको! आत्याबाई, नको! तुमचा पाय पडला तर..."

"माजा पडला तर तुला कळंल ना कुटं न्हाई टाकायचा ते."

हे त्या हसून म्हणाल्या. खरंच हसून. जसं 'मुक्यानं नाच' म्हणाल्या होत्या तसंच. आणि मग त्यांनी पाऊल उचललं. आधी घास हातानं बाजूला नाही करायचा, हे त्यांच्या लक्षात होतं. हात त्यांनी छातीशी धरले होते. पाय सरळ वर उचलायचा, आणि जिथं माती उघडी दिसेल, आम्हीच नुकतं बी टाकलेल्या नांग्यात, तिथंच टाकायचा. नांगा नसेल तिथं नुसतं अंदाजानं. टाकताना त्यांचे डोळे मिटत होते. आणि त्या गायला लागल्या. कदाचित माझ्यासाठी, कदाचित स्वतःसाठी.

पुढं गं चालते मी, काटा मोडू दे माज्या पाया
मागं माजी लेक येते, तिच्या पायांखाली माया

आवाज कापत होता. ओवी संपली की पुन्हा तीच. मला वाटत होतं, ही ओवी मधेच तुटेल. 'पुढं गं' म्हणतील आणि 'चालते' येणारच नाही. प्रत्येक शब्द आला की मी श्वास घेत होते.

त्या माझ्यापाशी पोचल्या. त्यांच्या अंगाला राखेचा वास येत होता. मला त्यांना धरायचं होतं. त्या म्हणाल्या, "शिवू नको. एकीला लागलं तर दोघी जाऊ. आता मी फिरते. माज्या पावलात पाऊल टाक. दुसरीकडं न्हाई."

ओल्या मातीत त्यांच्या पावलांचे ठसे स्पष्ट होते. आखूड, रुंद, अंगठा बाहेर फाकलेला. मी त्या ठशांत पाय टाकू लागले. त्या ज्या वाटेनं माझ्यापर्यंत आल्या होत्या, त्याच वाटेनं आम्ही त्यांच्या जुन्या जागी आलो. तिथून करडईपर्यंत त्या सकाळी जशा आल्या होत्या तशीच वाट. पण तिथं मात्र घास उभा राहिला होता, ठसे झाकले होते. आत्याबाईंना आठवून आठवून पाय टाकावा लागत होता. एकदा त्या फार वेळ थांबल्या.

"काय झालं?"

"हितं मी उजवा टाकला हुता का डावा, ते आठवंना."

"आत्याबाई..."

"गप. आठवू दे."

करडई समोर दिसत होती. तिथं आमच्या वहाणा पडल्या होत्या, दोन जोड, एकीवर एक. इतक्या जवळ, की वाकलं असतं तर हात पोचला असता. आत्याबाईंनी पाय उचलला.

आणि विहिरीवर मोटार घुमली.

आधी एक हुंकार, मग ती ओळखीची घरघर. मोटार आपोआप चालू व्हायच्या बटणावर ठेवलेली होती. म्हणजे इतका वेळ लाईट नव्हती. म्हणजे आता आली होती.

चर्र झालं. आत्याबाईंच्या उचललेल्या पायाखाली, बरोबर पायाखाली, घासात निळी ठिणगी उडाली आणि ओल्या पाल्याचा वाफेसारखा धूर आला. टोक तिथं होतं. त्या सकाळी आत शिरताना ते त्यांच्या पायाखालून गेलंही असेल.

आत्याबाईंचा पाय हवेत. एका पायावर तोल. म्हाताऱ्या बाईनं ओल्या मातीत एका पायावर उभं राहायचं, आणि मला त्यांना धरता येत नाही. मी दोन्ही हात त्यांच्या कमरेपाशी पसरले होते, शिवायचं नाही म्हणून थांबवलेले. त्यांचा पदर माझ्या बोटांवरून हलत होता. ओवी बंद झाली होती. मोटारीचा आवाज, आणि खाली ते चरचरणं. त्या झुकल्या. सावरल्या. पुन्हा झुकल्या.

चरचरणं थांबलं.

मोटार चालूच होती, पण खाली काही नव्हतं. लांब बाभळीखाली आप्पा उभे होते. हातात वाळकी काठी, आणि काठीला लोंबणारा, खांबावरून ओढून काढलेला तारेचा आकडा.

आत्याबाईंनी पाय खाली टाकला. करडईत काट्यांवरच बसल्या. मी त्यांच्या मांडीत डोकं घातलं आणि मला रडू फुटलं ते दिवसभर थांबलं नाही.

दुपारी वनरक्षक आला. हरणी पाहिली, खुंट्या मोजल्या, तारेचं भेंडोळं केलं.

"तार कुणाची, मावशी?"

"ज्याची आसंल त्यो सांगंल," आत्याबाई म्हणाल्या.

आप्पा तिथंच उभे होते. नजर मातीत. वनरक्षकानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तो भेंडोळं घेऊन गेला. कुणीतरी बाहेरच्यानं शिकारीसाठी लावली असेल, असं गावात ठरून गेलं.

संध्याकाळी भाकरी थापताना मी विचारलंच. "आत्याबाई, आप्पा थेट बाभळीकडंच कसे धावले? आकडा तिथं आहे हे त्यांना कुणी सांगितलं?"

त्यांचा हात परातीत थांबला. "कळलं व्हय तुला."

"मग विचारत का नाही त्यांना?"

"मी इचारल्यावर त्यो हो म्हनंल. मला त्याचं हो नको." भाकरी तव्यावर पडली. "त्याच्या तोंडात येक हाक आडाकलीय, नर्मदे. ती त्याची त्यानं काडावी. तवर थांबायचं."

हाक म्हणजे कबुली, असं मी समजले. त्यांच्या बोलण्यात असे शब्द असायचेच.

आप्पांनी पुन्हा कधी तार लावली नाही. मला मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत गेली. दर हंगामात पट्टीचं बी आप्पाच बाजारातून आणायचे आणि उंबऱ्यात ठेवून निघून जायचे. पट्टीच्या दिशेला मात्र पाऊल नाही. त्या बाजूची सरी मोडायची झाली तरी गडी पाठवायचे. पेरताना आत्याबाई मधेच मूठ थांबवून विहिरीकडे बघायच्या. आप्पा तिथं असले की उठून जायचे. मग त्या पुढची मूठ सोडायच्या. माझी पावलं मात्र त्या पट्टीत शेवटपर्यंत मोकळी पडली नाहीत. काडी पायाला लागली की अंग शहारायचंच.

गेल्या आषाढात आत्याबाई गेल्या.

यंदा थंडीचा घास टाकायला मी एकटीच निघाले. ओवी म्हणायचा प्रयत्न केला; 'पुढं गं चालते मी' पर्यंत आली आणि थांबली. करडईपाशी वहाणा काढल्या. ओटी सावरली. मागं पाचोळा वाजला म्हणून वळले तर आप्पा. केस पांढरे झालेले, हातात काठी. त्यांनी काठी बांधाला टेकवली आणि वाकून, सावकाश, पायांतल्या वहाणा काढल्या. माझ्या वहाणांशेजारी ठेवल्या. मग दोन्ही हात पुढं केले.

मी त्यांच्या ओंजळीत बी ओतलं.

आमच्या घरातल्या पुरुषानं ती पट्टी कधी पेरली नव्हती. आप्पांना मूठ सोडता येत नव्हती. बी एकाच जागी पडत होतं. मी काही बोलले नाही. तिथं बोलायचं नसतं. कळप बांधाला खेटून उभा होता, एक पाडस दगडावर पाय ठेवून आमच्याकडे बघत होतं. पट्टीच्या मधोमध, जिथं मी त्या सकाळी उभी होते, तिथं आप्पा थांबले. ओंजळ रिकामी झाली होती, तरी हात तसेच पुढं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मातीकडे बघत होते.

"आई," ते म्हणाले.

मी हलले नाही.

"आई, तुमी दोघी आत जाताना मला दिसला हुता. मी हात वर केला. हाक पार दातापत्तुर आली हुती. पन म्हनलं, हाक मारली तर तार माजी हाय ते कळंल. लाईट न्हाई, म्हनलं, नांगं भरून येतील भायेर, मग काडू आकडा." त्यांनी रिकामे हात खाली सोडले. "म्हनून गिळली हाक. तू वरडंस्तवर बसून ऱ्हायलो, आई. बगत बसलो."